गोरा म्हणजे कोण?

कायद्याच्या पुस्तकातील काही शब्द इतके साधे दिसतात की त्यांची व्याख्या करावी, असे कायदा करणाऱ्यांच्या मनातही येत नाही. पुढे मात्र त्याच शब्दांच्या उंबरठ्यावर माणसांची आयुष्ये अडून बसतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 'गोरा' हा असाच एक शब्द होता. १७९० साली तेथील काँग्रेसने परकीयांना नागरिकत्व देण्याविषयीचा पहिला कायदा केला आणि ते केवळ 'स्वतंत्र गोऱ्या व्यक्ती'लाच मिळू शकेल, असे त्यात घातले. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे युरोपातून आलेला वसाहतवाला होता, आफ्रिकेतून आणलेला गुलाम होता आणि त्या भूमीचा मूळचा रहिवासी होता. यांपैकी गोरा कोण, हे कोणाला विचारावे लागत नव्हते. न विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढे तेथील न्यायालयांची पाऊणशे वर्षे गेली.

यादवी युद्धानंतर गुलामगिरी नष्ट झाली आणि १८७० साली आफ्रिकेत जन्मलेल्या व आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींनाही नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. दरवाजे आता दोन झाले. पण आशिया खंडातील माणूस त्या दोहोंच्या मध्ये उभा होता. १८७८ साली आह युप नावाच्या चिनी गृहस्थाने कॅलिफोर्नियातील न्यायालयात गोऱ्यांच्या दरवाजाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. तेव्हापासून १९५२ पर्यंत 'अर्जदार कायद्याच्या दृष्टीने कोणत्या वंशाचा?' या एकाच प्रश्नावरील ५२ प्रकरणे नोंदली गेली. त्यांत आफ्रिकी वंशाच्या आधारे हक्क सांगणारा अर्जदार अवघा एक होता. बाकी सर्वांनी आपण गोरे असल्याचेच सांगितले. दुसरा दरवाजाही कायद्याने उघडला होता. परंतु त्यातून आत गेलेल्या माणसाच्या वाट्याला काय येते, हे सर्वांना दिसत होते.

हिंदी लोकांच्या बाबतीत न्यायालयांचे धोरण प्रारंभी डळमळीत होते. मुंबईहून गेलेले पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांना १९१० साली न्यायालयाने गोरे ठरविले. अक्षयकुमार मजुमदार यांना १९१३ साली आणि सखाराम गणेश पंडित यांना १९१४ साली नागरिकत्व मिळाले. पंडित हे पुढे कॅलिफोर्नियात वकिली करू लागले. परंतु ही मोजक्या सुशिक्षितांची कहाणी झाली. पॅसिफिक किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत, रेल्वेच्या कामावर आणि शेतांत राबणाऱ्या पंजाबी मजुरांचा अनुभव निराळा होता. ४ सप्टेंबर १९०७ रोजी बेलिंगहॅम या गावी गोऱ्या कामगारांच्या जमावाने त्यांच्या वस्तीवर हल्ला केला आणि त्यांना गावाबाहेर पिटाळले. दंगल एका रात्रीची असते. तिच्यामागील इच्छा मात्र सावकाश कायद्याच्या कलमांत उतरते. १९१७ साली काँग्रेसने आशियाच्या नकाशावर एक निषिद्ध पट्टा आखला. हिंदुस्थान त्या पट्ट्यात होता, आणि तेथील मजुरांचे अमेरिकेत येणे बंद झाले.

या पार्श्वभूमीवर भगतसिंग थिंड यांचा खटला उभा राहतो. अमृतसर जिल्ह्यात १८९२ साली जन्मलेला हा शीख तरुण १९१३ साली सिअ‍ॅटल बंदरात उतरला. त्याने लाकडाच्या गिरण्यांत काम केले, शिक्षण घेतले आणि १९१८ साली तो अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाला. डोक्यावरील पगडी न उतरविता त्याने सैन्यात काम केले आणि सन्मानपूर्वक निवृत्ती मिळविली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, अंगावर सैन्याचा गणवेश असतानाच, त्याला नागरिकत्व मिळाले. आणि तो गोरा नाही, या कारणास्तव चारच दिवसांत ते काढून घेण्यात आले. १९२० साली ऑरेगन राज्यातील न्यायालयाने त्याला ते पुन्हा बहाल केले. या निकालाविरुद्ध सरकारने अपील केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. तेथे थिंड यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत सखाराम गणेश पंडित होते.

दरम्यान, नोव्हेंबर १९२२ मध्ये त्याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळला होता. ओझावा वीस वर्षे अमेरिकेच्या भूमीवर राहिले होते, तेथेच शिकले होते आणि त्यांच्या घरात इंग्रजीच बोलली जात असे. त्यांची कातडी पुष्कळ युरोपीयांहून उजळ होती. न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकालात सांगितले की प्रश्न कातडीच्या छटेचा नाही. 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा. हा वंशविभाग अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन पंडित ब्लूमेनबाख यांनी रूढ केला होता आणि त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातील लोकांना त्यातच गणत. साहजिकच थिंड यांच्या बाजूला वाटले की वाट मोकळी झाली.

तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, थिंड यांच्या खटल्याचा एकमताचा निकाल लागला. तोही सदरलँड यांनीच लिहिला होता. शास्त्रज्ञ काहीही म्हणोत, कायद्यातील शब्द सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे वाचावयाचा असतो, आणि सामान्य अमेरिकन माणूस हिंदी मनुष्याला गोरा समजत नाही, असे त्यात प्रतिपादन होते. जपानी अर्जदाराला शास्त्र दाखवून परत पाठविले. हिंदी अर्जदाराने तेच शास्त्र पुढे केले, तेव्हा लोकसमजूत दाखविली. येथे श्रेष्ठकनिष्ठतेचा प्रश्न नसून केवळ भिन्नतेचा आहे, असेही न्यायालयाने आवर्जून नमूद केले. शब्दांत सौजन्य होते, द्वेषाचा लवलेश नव्हता. वंशभेदाच्या व्यवस्थेची ओळख पटवून घ्यावयाची तर ती या सौजन्यातच पटते.

कारण या निकालाने 'गोरा नाही' एवढेच ठरले नाही. त्याबरोबर 'नागरिकत्वास अपात्र' हा शिक्काही बसला, आणि तो शब्द आणखी कित्येक कायद्यांत आधीच जाऊन बसला होता. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या जमीनविषयक कायद्यात कोणत्याही वंशाचे नाव नव्हते. 'नागरिकत्वास अपात्र' परकीयाने शेतजमीन घेऊ नये, एवढेच त्यात होते. १९२२ च्या कायद्याने अशा अपात्र परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाई. १९२४ च्या कायद्याने अशा अपात्र माणसाला देशात स्थायिक होण्यासाठी येण्यासच बंदी झाली. एका कायद्यातील शब्द दुसऱ्याने उचलला, दुसऱ्याचा तिसऱ्याने. जमिनीच्या कचेरीतील कारकून, विवाहाची नोंद करणारा अधिकारी आणि बंदरावरील तपासनीस यांपैकी कोणालाही कोणाचा द्वेष करण्याचे कारण उरले नाही. प्रत्येकाने आपल्यापुढील कागद पाहिला आणि नियमाप्रमाणे शेरा मारला. अन्याय नियमित कामकाजाचा भाग झाला, म्हणजे त्याला वाईट माणसांची गरज उरत नाही. चांगली माणसेही त्याचे काम चोख बजावतात.

निकालानंतर सरकारने पूर्वी दिलेली नागरिकत्वे परत घेण्यास आरंभ केला. मजुमदार यांचे नागरिकत्व गेले. वैष्णोदास बागाई हे १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला येऊन व्यापारात स्थिरावले होते. इंग्रजांचे प्रजाजनत्व सोडून ते मोठ्या अभिमानाने अमेरिकन नागरिक झाले होते. ते नागरिकत्व गेले आणि त्यामागोमाग मालमत्ताही सोडावी लागली. हिंदुस्थानला जाऊन येण्यासाठी त्यांनी पारपत्र मागितले, तेव्हा इंग्रज सरकारचे घ्यावे, असे उत्तर मिळाले. ज्या सत्तेखाली राहावयाचे नाही म्हणून त्यांनी देश सोडला होता, तिचेच. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली आणि आपले कारण सांगणारे पत्र मागे ठेवले. ते तेथील वृत्तपत्रात छापून आले.

पंडित यांच्यावरही सरकारने दावा केला. त्यांनी तो लढविला आणि जिंकला. परंतु आपण गोरे आहोत, हे सिद्ध करून नव्हे. त्याच पक्षांमध्ये एकदा अंतिम झालेला निकाल पुन्हा उकरता येत नाही, हा मुद्दा अपील न्यायालयाने १९२६ साली मान्य केला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. त्यानंतर सरकारने असे उरलेले दावे सोडून दिले. वंशाविषयी एक अक्षरही न बोलता मिळालेला हा विजय होता.

या सर्व इतिहासात एक जागा अशी आहे की तेथे भारतीय वाचकाने सहानुभूतीबरोबरच थोडे आत्मपरीक्षणही करावे. थिंड यांच्या बाजूने न्यायालयापुढे जे मांडले गेले, त्यात नागरिकत्वाला वंशाची अट असावी काय, हा सवालच नव्हता. आपण शुद्ध आर्य आहोत आणि जातिबंधनांमुळे हे रक्त निर्भेळ राहिले आहे, असा तो दावा होता. उच्चवर्णीय हिंदी मनुष्य आपल्या देशातील आदिवासींकडे, विशेषतः विवाहसंबंधाच्या बाबतीत, ज्या दृष्टीने पाहतो, तीच दृष्टी अमेरिकन माणसाची कृष्णवर्णीयांकडे पाहण्याची आहे, असेही त्यात सांगितले होते. तात्पर्य, उतरंड मोडण्याची मागणी नव्हती. उतरंडीत वरची जागा मिळावी, एवढीच विनंती होती. जातिबंधने मिश्रण टाळण्यात पूर्णपणे यशस्वी झालेली दिसत नाहीत, असे म्हणून न्यायालयाने ती नाकारली. गोऱ्यांनाच दार उघडणाऱ्या कायद्यापुढे वकिलाला दुसरा युक्तिवाद सुचणे कठीण होते, हे खरे. थिंड स्वतः हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते होते, हेही विसरता येत नाही. परंतु स्वातंत्र्याची आस आणि जातीचा अभिमान एकाच मनात किती सहज नांदू शकतात, हेही या युक्तिवादातून दिसते.

हीच तुलना त्यापूर्वी बरोबर पन्नास वर्षे, १८७३ साली, पुण्यात जोतीराव फुले यांनी केली होती. 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा व्यक्त केली. अमेरिकेतील वर्णभेद आणि हिंदुस्थानातील जातिभेद यांत साम्य आहे, हे जोतीरावांनाही दिसले आणि थिंड यांच्या वकिलांनाही दिसले. एकाने ते उतरंडीच्या तळाशी उभे राहून पाहिले आणि दोन्ही बेड्या तुटाव्यात, असे म्हटले. दुसऱ्यांनी तेच साम्य वरच्या जागेच्या हक्काचा पुरावा म्हणून पुढे केले. साम्य एकच असले तरी ते कोणत्या बाजूने पाहिले यावर त्याचा अर्थ अवलंबून राहतो. कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. जोतीरावांची दृष्टी त्या पत्रात जिवंत होती.

त्याच १९४६ साली अमेरिकेने हिंदी लोकांना नागरिकत्वाचा हक्क दिला. मात्र देशात येण्याची परवानगी वर्षाला अवघ्या शंभर जणांना ठेवली. थिंड यांना स्वतःला ते १९३६ सालीच, पहिल्या महायुद्धातील सैनिकांसाठी केलेल्या कायद्याखाली, मिळाले होते. एकाच माणसाला एकाच देशाने तीन वेळा नागरिक केले. माणूस मात्र तिन्ही वेळी तोच होता. दलीपसिंग सौंद १९४९ साली नागरिक झाले आणि १९५७ साली काँग्रेसचे सभासद म्हणून बसले. नागरिकत्वाची वंशाची अट १९५२ साली कायमची गेली. शिरगणतीच्या तक्त्याची कथाही अशीच आहे. १९२० ते १९४० या काळात तेथे 'हिंदू' हा एक वंश होता आणि पगडीधारी शीख त्यातच मोजला जाई. १९७० साली हिंदी लोक गोऱ्यांच्या रकान्यात गेले आणि १९८० साली 'एशियन इंडियन' या नव्या रकान्यात आले. या साठ वर्षांत माणसांचा रंग बदलला नव्हता. बदलली ती तक्त्याची आखणी.

भारतातील शिक्षितांना अमेरिकेचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने. कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याने देशाची सदसद्विवेकबुद्धी जागी केली होती आणि १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा नुकताच झाला होता. त्याच वातावरणात मूळ देशानुसार ठरविलेल्या संख्येची जुनी पद्धत रद्द झाली. त्यानंतर गेलेल्या डॉक्टर-अभियंत्यांत मराठी घरांतील मुलामुलींची संख्या लहान नाही. ज्या समाजापासून आपण निराळे आहोत, असे १९२३ साली न्यायालयाला पटवून देण्याची धडपड चालली होती, त्याच समाजाने पोलिसांच्या लाठ्या सोसून मोकळ्या केलेल्या वाटेने ही मुले आत गेली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये, थिंड यांच्या निकालाला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा ठराव संमत केला. तो करणारे अमेरिकेतील ते पहिलेच शहर होते. शंभर वर्षांपूर्वी त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जात हा सन्मानाचा दाखला म्हणून सादर झाला होता. आता थिंड ज्या बंदरात उतरले होते, त्याच गावाला तिच्यापासून आपल्या रहिवाशांचे संरक्षण करावेसे वाटले. 'गोरा म्हणजे कोण?' या प्रश्नाला न्यायालयांना कधीच खरे उत्तर सापडले नाही, कारण तो प्रश्नच रद्द होण्याच्या लायकीचा होता. स्वतःला त्यात वरची जागा मागणारा प्रत्येक जण त्या प्रश्नाचे आयुष्य थोडे वाढवीत असतो.