रंग विद्यापीठाचे, छाप कंपनीची

अमेरिकेत शिकायला गेलेली मुले सुट्टीत पुण्या-मुंबईला परततात, तेव्हा त्यांच्या बॅगेतून विद्यापीठाचे नाव छापलेला एखादा तरी टी-शर्ट किंवा हुडी निघतेच. काही घरांत तर मुलाच्या विद्यापीठाचे नाव मिरवत वडीलच सकाळी फिरायला बाहेर पडतात. त्या कपड्यावर छातीच्या मधोमध विद्यापीठाचे अक्षर असते आणि एका कोपऱ्यात तो बनवणाऱ्या कंपनीचे छोटेसे चिन्ह. आपल्याला ती केवळ मालाची खूण वाटते. अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडाविश्वात मात्र याच चिन्हाच्या जागेसाठी कोट्यवधी डॉलरचे करार होतात आणि त्यावरून चाहते हमरीतुमरीवर येतात. खेळाडूच्या गणवेशावरील उत्पादक कंपनीचे चिन्ह सव्वादोन चौरस इंचांपेक्षा मोठे असू नये, असा तेथील महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा, म्हणजे 'एनसीएए'चा नियम आहे. या सव्वादोन इंचांभोवती एक मोठा प्रश्न उभा आहे : संघाचा गणवेश नेमका कोणाचा? विद्यापीठाचा, कंपनीचा, खेळाडूचा की पिढ्यान्पिढ्या तो अंगावर घालणाऱ्या चाहत्यांचा?

गावाचा संघ

हा प्रश्न तेथे इतका जिव्हाळ्याचा का, हे समजून घ्यायला हवे. आपल्याकडे महाविद्यालयाच्या नावाने घसा कोरडा पडेपर्यंत आरोळ्या ऐकायच्या, तर पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जावे लागते. अमेरिकेत हा मान खेळाला आहे. मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅन आर्बर, टेनेसी विद्यापीठाचे नॉक्सव्हिल, ऑरेगन विद्यापीठाचे यूजीन या गावांत मोठ्या व्यावसायिक साखळीतील संघ नाहीत. विद्यापीठाचा संघ हाच गावाचा संघ. मिशिगन आणि टेनेसी या दोन्ही विद्यापीठांच्या फुटबॉल मैदानांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. (हा फुटबॉल अर्थातच हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकी फुटबॉल.) त्यांतील कित्येकांनी त्या विद्यापीठाची पायरीही विद्यार्थी म्हणून चढलेली नसते. खेळाडू तीन-चार वर्षांत निघून जातात, प्रशिक्षक बदलतात. टिकून राहतात ते रंग. म्हणूनच या रंगांवर आपला वारसाहक्क आहे, अशी चाहत्यांची भावना असते.

बुटांपासून सुरुवात

कंपन्यांचा या विश्वातील प्रवेश बुटांच्या वाटेने झाला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सनी व्हॅकारो यांनी नायके कंपनीला एक युक्ती सुचवली. हौशी म्हणवणाऱ्या खेळाडूंना पैसे देता येत नसतील, तर ते प्रशिक्षकांना द्यावेत आणि संघाला बूट फुकट पुरवावेत. दूरचित्रवाणीवर सामना दिसला की जाहिरात आपोआप होते. पुढचे पाऊल म्हणजे थेट विद्यापीठाशीच करार. सर्व खेळांच्या संघांसाठी केलेला असा पहिला करार म्हणून १९८७ मधील मायामी विद्यापीठ आणि नायके यांच्या कराराचा उल्लेख केला जातो.

त्यानंतर रकमा फुगत गेल्या. ओहायो स्टेट विद्यापीठाने २०१६ मध्ये नायकेशी केलेला करार १५ वर्षांसाठी २५ कोटी २० लाख डॉलरचा होता. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या 'यूसीएलए'ने अंडर आर्मर कंपनीशी १५ वर्षांसाठी २८ कोटी डॉलरचा करार केला. या आकड्यांत रोख रक्कम असते, तसेच कपडे, बूट आणि साहित्याची किंमतही धरलेली असते. नौकानयन किंवा जलतरण अशा तिकीटविक्रीवर न जगणाऱ्या खेळांनाही त्याचा आधार मिळतो. प्रायोजकांच्या बाजूने बोलणारे चाहते हाच मुद्दा पुढे करतात.

या पैशाची काळी बाजूही उघड झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने बास्केटबॉलमधील लाचखोरीचे प्रकरण बाहेर काढले. विशिष्ट कंपनीचा गणवेश असलेल्या विद्यापीठाकडे होतकरू खेळाडू वळावेत, यासाठी त्यांच्या कुटुंबांना छुपे पैसे दिल्याच्या आरोपावरून आदिदासचे अधिकारी जेम्स गॅटो यांना अटक झाली आणि २०१८ मध्ये ते दोषी ठरले. लुईव्हिल विद्यापीठाचे नामांकित प्रशिक्षक रिक पिटिनो यांना या प्रकरणानंतर पद गमवावे लागले.

पिवळा, पण कोणता पिवळा?

सामान्य चाहता मात्र करारातील आकड्यांपेक्षा रंगाकडे अधिक बारकाईने पाहतो. मिशिगनचे रंग 'मेझ' आणि निळा. मेझ म्हणजे मक्याच्या दाण्याचा पिवळा. २००७ पासून या विद्यापीठाचा गणवेश आदिदासकडे होता. त्या काळात हा पिवळा मक्याचा न राहता ओळी अधोरेखित करायच्या चमकदार पेनासारखा झाला, अशी चाहत्यांची जुनी तक्रार होती. बाहेरच्याला क्षुल्लक वाटणारा हा भेद त्यांच्या दृष्टीने आजोबांच्या स्वेटरचा रंग बदलल्यासारखा होता. २०१५ मध्ये विद्यापीठाने नायकेकडे परतण्याचा निर्णय जाहीर केला. १ ऑगस्ट २०१६ च्या मध्यरात्री अ‍ॅन आर्बरमधील दुकान नव्या मालासाठी उघडले, तेव्हा बाहेर रांग लागलेली होती. वस्तुतः एका बहुराष्ट्रीय कंपनीची जागा दुसरीने घेतली होती, इतकेच. चाहत्यांना मात्र आपला रंग घरी परतल्यासारखे वाटले.

नावीन्याला चाहत्यांचा सरसकट विरोध असतो, असे मात्र नाही. ऑरेगन विद्यापीठाचेच पाहा. नायकेचे सहसंस्थापक फिल नाइट हे या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि धावपटू. त्यांच्या कंपनीने ऑरेगनचा फुटबॉल संघ जणू प्रयोगशाळाच केला. हेल्मेट, जर्सी आणि विजारीच्या नाना जोड्या जुळवत हा संघ सामन्यागणिक नव्या रूपात उतरू लागला. जानेवारी २०१२ मधील रोझ बाउल सामन्यात त्यांची हेल्मेटे आरशासारखी चकाकत होती. जुन्या पठडीतल्या प्रेक्षकांनी नाके मुरडली. पण सतत बदलणे हीच ऑरेगनची ओळख झाली आणि तेथील चाहत्यांनी ती अभिमानाने स्वीकारली.

दुसऱ्या टोकाला पेन स्टेट आहे. साधा निळा-पांढरा गणवेश आणि पाठीवर खेळाडूचे नाव नाही, ही त्यांची परंपरा. २०१२ मध्ये सँडस्की प्रकरणानंतर संघावर कडक निर्बंध आले. त्या कठीण काळात संघ सोडून न गेलेल्या खेळाडूंचा सन्मान म्हणून जर्सीवर नावे आली. २०१५ मध्ये ती पुन्हा काढली गेली. कोऱ्या पाठीलाही अर्थ असतो, हे या चाहत्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

मेरिलँडचा अनुभव तर अधिक बोलका आहे. अंडर आर्मरचे संस्थापक केव्हिन प्लँक हे मेरिलँड विद्यापीठाचे माजी फुटबॉलपटू. ५ सप्टेंबर २०११ रोजी त्यांच्या कंपनीने या संघाला राज्यध्वजाच्या नक्षीचा भडक गणवेश दिला. देशभर त्याची टिंगल झाली. पण ध्वज आपलाच असल्याने राज्यातल्या अनेकांना तो भावला. ही नक्षी पुढे संघाच्या गणवेशात टिकून राहिली. याउलट २०१३ च्या बास्केटबॉल हंगामात आदिदासने सहा विद्यापीठांना एकाच धाटणीचे झगझगीत रंगांचे आणि झेब्य्रासारख्या पट्ट्यांचे गणवेश दिले, तेव्हा ते हास्यास्पद ठरले. बदल संघाच्या इतिहासातून आला, तर लोक त्याला सामावून घेतात. कंपनीच्या साच्यातून आला, तर तो परका ठरतो.

नाव पुसले तेव्हा

चाहत्यांच्या मताचे वजन सर्वांत ठळकपणे दिसले ते टेनेसीत. या विद्यापीठाच्या महिला संघांना 'लेडी व्हॉलंटियर्स', लाडाने 'लेडी व्हॉल्स', म्हटले जाई आणि त्यांचे स्वतंत्र बोधचिन्ह होते. पॅट समिट यांच्या मार्गदर्शनाखाली महिला बास्केटबॉल संघाने आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि हे नाव देशभर पोहोचवले. नोव्हेंबर २०१४ मध्ये विद्यापीठाने जाहीर केले की, आदिदासकडून नायकेकडे जाताना, म्हणजे १ जुलै २०१५ पासून, महिला बास्केटबॉल वगळता सर्व संघ एकाच नावाने व एकाच 'टी' चिन्हाने ओळखले जातील. विद्यापीठाची एकच ओळख असावी, असा त्यामागचा युक्तिवाद होता.

व्यवहाराच्या दृष्टीने तो सुटसुटीत होता. परंतु ज्या मुलींनी त्या नावाखाली घाम गाळला, त्यांच्यासाठी तो आपली कामगिरी पुसून टाकण्याचा प्रकार होता. माजी खेळाडू आणि चाहत्यांनी सह्यांची मोहीम उघडली. राज्याच्या विधिमंडळातील सदस्यांपर्यंत विषय पोहोचला. दोन वर्षांहून अधिक काळ हा रेटा टिकला. अखेर सप्टेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाने माघार घेतली आणि 'लेडी व्हॉल्स' हे नाव सर्व महिला संघांना पुन्हा मिळाले. जून २०१६ मध्ये निधन पावलेल्या समिट यांना हा दिवस पाहता आला नाही.

शिवणारे हात

गणवेशाचा आणखी एक वाटेकरी मैदानावर कधीच दिसत नाही. तो म्हणजे तो शिवणारा कामगार. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी विद्यार्थ्यांनीच हा प्रश्न ऐरणीवर आणला. ज्या शर्टावर आमच्या विद्यापीठाचे नाव आहे, तो तुटपुंज्या मजुरीवर राबवून घेतलेल्या माणसाने शिवलेला नसावा, ही त्यांची मागणी होती. त्यातून २००० मध्ये 'वर्कर राइट्स कन्सोर्शियम' ही देखरेख करणारी संस्था उभी राहिली. ऑरेगन विद्यापीठ तिचे सदस्य होताच फिल नाइट संतापले आणि त्यांनी देणग्या थांबवल्या. मैदानाच्या विस्तारासाठी अपेक्षित असलेले ३ कोटी डॉलर त्यामुळे अडकले. पुढे विद्यापीठाचे ते सदस्यत्व संपुष्टात आले आणि २००१ मध्ये नाइट यांचा हात पुन्हा सैल झाला. प्रायोजकाचा पैसा विद्यापीठाच्या विवेकावर कसा भारी पडू शकतो, याचे हे उदाहरण आजही दिले जाते.

परंतु दुसरी उदाहरणेही आहेत. रसेल अ‍ॅथलेटिक कंपनीने २००९ मध्ये होंडुरासमधील आपला कारखाना बंद केला. तेथील सुमारे १,२०० कामगारांनी संघटना स्थापन केली होती. विद्यार्थ्यांच्या दबावामुळे जवळपास शंभर विद्यापीठांनी या कंपनीशी संबंध तोडले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने कारखाना पुन्हा सुरू करण्याचे मान्य केले. इंडोनेशियातील 'पीटी किझोन' हा कारखाना २०११ मध्ये बंद पडला आणि २,७०० हून अधिक कामगारांची देणी थकली. त्या प्रकरणात कॉर्नेल विद्यापीठाने २०१२ मध्ये आदिदासशी संबंध तोडले. इतरही विद्यापीठांनी तोच मार्ग धरल्यावर २०१३ मध्ये तडजोड झाली. रंगाच्या छटेवरून भांडणारा चाहता हा ग्राहकही आहे, आणि ग्राहक म्हणून त्याने ठरवले तर समुद्रापलीकडच्या कारखान्याचे कुलूपही उघडते.

पाठीवरचा क्रमांक कोणाचा?

राहिला खेळाडू. वर्षानुवर्षे दुकानांत जर्सी विकल्या जात, त्यांवर नाव नसे, क्रमांक मात्र लोकप्रिय खेळाडूचाच असे. हौशीपणाच्या नियमामुळे त्याला त्यातला छदामही मिळत नसे. ऑगस्ट २०१३ मध्ये समालोचक जे बिलास यांनी हे ढोंग उघडे पाडले. एनसीएएच्या विक्रीच्या संकेतस्थळावर त्यांनी खेळाडूंची नावे टाकून पाहिली. 'मॅन्झिएल' लिहिताच टेक्सास ए अँड एमची २ क्रमांकाची जर्सी समोर आली. खेळाडूच्या नावाशी आमचा संबंध नाही, हा संघटनेचा दावा फोल ठरला आणि काही दिवसांतच तिने अशी विक्री थांबवली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठेही खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठासाठी २ कोटी ५ लाख डॉलर होती.

यामुळे प्रायोजकांची गरज आणखी वाढली आहे. जून २०२४ मध्ये एनसीएएने फुटबॉलच्या मैदानावर प्रायोजकांची चिन्हे रंगवण्यास परवानगी दिली आणि जानेवारी २०२६ मध्ये गणवेशावर इतर व्यावसायिक चिन्हे लावण्यासही मान्यता दिली. युरोपातील फुटबॉल क्लबांच्या छातीवरील जाहिरातींची ज्यांनी आजवर चेष्टा केली, त्या चाहत्यांसमोर आता अवघड प्रश्न आहे. खेळाडूला त्याच्या श्रमाचे दाम मिळावे असे वाटते. पण ते दाम आपल्या जर्सीवरची जागा विकून येत असेल तर?

या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही. मात्र कंपनीचे नाते किती पक्के असते, हे यूसीएलएच्या अनुभवावरून कळते. पंधरा वर्षांचा तो विक्रमी करार अंडर आर्मरने २०२० मध्येच मोडीत काढला. विद्यापीठ न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये सुमारे पावणेसात कोटी डॉलरवर समेट झाला. चाहत्यांचे नाते मात्र कोणत्याही कलमाने बांधलेले नसते, त्यामुळे ते कलमाने सुटतही नाही. विद्यापीठांनी रंग, नाव आणि बोधचिन्ह यांबाबत सही करण्यापूर्वी या न लिहिलेल्या भागीदाराला विचारावे, एवढीच अपेक्षा टेनेसीच्या 'लेडी व्हॉल्स'नी मागे ठेवली आहे. आणि आपल्या घरात तो टी-शर्ट आला असेल, तर पुढचे अक्षर वाचून झाल्यावर गळ्यामागची पट्टीही उलटून पाहावी. तो कोणत्या देशात शिवला गेला, हे तिथेच लिहिलेले असते.