एका प्रश्नाची कुळकथा

नोकरीच्या अर्जावर पूर्वी नाव, गाव, शिक्षण आणि अनुभव एवढे लिहिले की काम भागत असे. हल्लीचे अर्ज मात्र उमेदवाराला गोष्ट सांगायला लावतात. गेल्या वर्षी माझी पुतणी असाच एक अर्ज घेऊन आली. अडचणीच्या वेळी निर्णय घेतल्याचा एखादा प्रसंग सांगा, असे त्यात विचारले होते. तिने लिहिले होते : ‘मी कष्टाळू, प्रामाणिक व निर्णयक्षम आहे.’

“काका, स्वतःविषयी याहून जास्त कसे हो बोलायचे?” तिने विचारले, आणि या प्रश्नाचे मूळ शोधावेसे मला वाटले.

ते निघाले युद्धकाळातले. १९४१ साली अमेरिकेच्या लष्करी हवाई दलात वैमानिक होऊ पाहणारे कितीतरी तरुण शिक्षणातून बाद होत होते. जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या पथकाने अशा १००० उमेदवारांची कारणे तपासली. विवेक कमी, स्वभाव योग्य नाही, प्रगती अपुरी, असलेच शेरे पुष्कळ! नेमके काय चुकले, ते त्यांवरून कळेना. मग पथकाने विशेषणांचा नाद सोडला आणि लढून आलेल्यांना घडलेले प्रसंग विचारले. आकाशात दिशेचे भान सुटले तेव्हा काय दिसले, काय ऐकू आले? अधिकाऱ्याने त्या घटकेला काय केले? त्या उत्तरांतून विमानातील उपकरणांची मांडणी कशी बदलावी, याच्याही सूचना निघाल्या. १९५४ साली फ्लॅनगन यांनी ही रीत लेखरूपाने मांडली.

पुढे १९७३ साली हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलंड यांनी प्रतिपादन केले, की बुद्धिमापनाच्या गुणांपेक्षा कामाला लागणारी क्षमताच तपासावी. उत्तम काम करणारे आणि बेताचे काम करणारे, दोघांकडूनही प्रसंग ऐकून ते त्यांतला फरक शोधीत. तीच रीत आज अर्जाच्या चौकटीत येऊन बसली आहे.

आत्मस्तुती करू नये, हा आपल्या घरचा संस्कार. पण हा प्रश्न स्तुती मागतच नाही. तो साक्ष मागतो.

“अगं, २०१९ च्या पुरात तू काय केलेस?” मी विचारले. तेव्हा ती सांगलीला एका पतसंस्थेत कारकून होती.

“आम्ही दप्तर वरच्या मजल्यावर नेले.”

“‘आम्ही’ राहू दे. तू काय केलेस?”

ती जरा थांबली. सोनेतारणाच्या नोंदवह्या आधी हलवायच्या, हे तिनेच ठरवले होते. लोकांचे दागिने त्या नोंदींवर अवलंबून होते. बाकीचे दप्तर मागे राहिले आणि दोन कपाटे भिजली.

“ती दोन कपाटे लिहू नको ना?”

“लिही. घडले ते घडले.”

ती नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली. पण पुढचा अर्ज भरायला बसली, तेव्हा तिने मला काही विचारले नाही.