वही पाहण्याचा हक्क

सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें भर बाजाराच्या दिवशीं शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख होता तो सावकारांच्या खतांवर आणि वह्यांवर. कर्ज आपल्या नांवावर, अंगठा आपला, परंतु वहींत काय लिहिलें आहे तें मात्र आपणांस ठाऊक नाहीं, हें त्यांचें खरें दुःख होतें. पुढें चार वर्षांनीं, १८७९ सालीं, दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यांत भरलेल्या पैशाची पावती व वर्षाचा हिशेब मागण्याचा हक्क ऋणकोस मिळाला. ही जुनी गोष्ट येथें आठवण्याचें कारण असें कीं, तोच झगडा शंभर वर्षांनंतर नर्मदेच्या कांठीं पुन्हां उभा राहिला. या वेळीं सावकार मात्र सुप्याच्या पेठेंत नसून वॉशिंग्टन शहरांत बसलेला होता.

ज्या संस्थेस आपण जागतिक बँक म्हणतों, तिची योजना १९४४ च्या जुलै महिन्यांत अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांच्या परिषदेंत ठरली. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळांत रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. या बँकेचे सभासद म्हणजे सरकारें; ती कर्ज देते तें सरकारास, किंवा सरकारच्या हमीवर. त्यामुळें करारास दोनच पक्ष, आणि दोघांनाही कागद कुलुपांत ठेवणें सोयीचें. सुप्याचा शेतकरी निदान ऋणको तरी होता. येथें ज्याची जमीन जाते, तो करारांत कोठेंच नाहीं! तो धनको नव्हे, ऋणको नव्हे, साक्षीदारही नव्हे. परंतु व्यवहाराची सर्वांत मोठी किंमत तोच देतो.

१९८५ सालीं बँकेनें सरदार सरोवर प्रकल्पासाठीं ४५ कोटि डॉलरांचें साहाय्य मंजूर केलें. या धरणाच्या पाण्याखालीं येणारीं गांवें २४५. त्यांपैकीं १९३ मध्यप्रदेशांतील, ३३ महाराष्ट्रांतील व १९ गुजरातेंतील. धरणाच्या वरच्या अंगास महाराष्ट्रांतील पहिलें गांव म्हणजे अक्कलकुवा तालुक्यांतील मणिबेली. तेथील आदिवासींना पाणी किती चढणार, घर कोणत्या वर्षीं बुडणार, बदली जमीन कोठें मिळणार, हें कोणीं नीट सांगितलें नव्हतें. आपल्या पुनर्वसनाविषयीं आपल्या सरकारनें परदेशी बँकेस कांहीं वचनें दिलीं आहेत, हें कळण्यासाठीं तो करार आधीं हातीं यावयास हवा होता; आणि तो इंग्रजींत होता. मेधा पाटकर व त्यांचे सहकारी यांनीं गांवोगांव फिरून जें कार्य केलें, त्याचा मोठा भाग म्हणजे असे कागद मिळविणें आणि त्यांचा अर्थ डोंगरांतील पाड्यांपर्यंत पोंचविणें हा होय. १९८९ सालीं पाटकर यांनीं अमेरिकेच्या कायदेमंडळाच्या उपसमितीपुढें साक्ष दिली. आपल्या गांवची माहिती मिळविण्यास सातासमुद्रापलीकडे जावें लागावें, हा योग चमत्कारिक खरा!

अखेर १९९१ सालीं बँकेनें ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालीं व कॅनडाचे माजी न्यायाधीश टॉमस बर्जर यांच्या साह्यानें एक स्वतंत्र चौकशी नेमली. आपण पैसा पुरवीत असलेल्या प्रकल्पाची बाहेरच्या मंडळीकडून अशी चौकशी करविण्याचा हा बँकेचा पहिलाच प्रसंग. १९९२ च्या जून महिन्यांतील अहवालांत मोर्स यांनीं बँकेस पाऊल मागें घेण्याचा सल्ला दिला. चालू परिस्थितींत विस्थापितांचें योग्य पुनर्वसन शक्य नाहीं, असा त्यांचा अभिप्राय पडला. १९९३ च्या मार्च महिन्यांत उरलेलें कर्ज आपणांस नको, असें भारत सरकारनें कळविलें.

धरण मात्र थांबलें नाहीं. २०१७ सालीं त्याचें लोकार्पण झालें. मग या खटपटीचें फळ काय? फळ असें कीं, बँकेचें दार किलकिलें झालें. १९९३ सालींच बँकेनें आपले कागद प्रसिद्ध करण्याचें नवें धोरण मान्य केलें आणि तपासणी मंडळ स्थापिलें. बँकेनें स्वतःचे नियम मोडल्यामुळें आपली हानि होते असें वाटणारे दोन किंवा अधिक लोक या मंडळाकडे थेट दाद मागूं शकतात. परंतु नियम मोडला हें सिद्ध करण्यास आधीं कागद हवे. जुन्या धोरणांत यादींत असलेलेच कागद बाहेर येत. १ जुलै २०१० पासून हा न्याय उलटा झाला: ठरलेल्या १० अपवादांत जें बसत नाहीं, तें सर्व खुलें. हा पालट करतांना बँकेनें भारताच्या २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याकडेही पाहिलें होतें. ऋणको देशाच्या नागरिकांनीं सावकारास धडा घालून द्यावा, ही लहान गोष्ट नव्हे.

मागण्याची रीत साधी आहे. अर्ज लेखी असावा आणि हवा तो कागद शक्य तितका नेमका सांगावा. अर्ज कोणीही करावा, कारण सांगण्याची गरज नाहीं. पोंच ५ व उत्तर २० कामाच्या दिवसांत देण्याचें बँकेचें वचन आहे. नकार मिळाल्यास ६० दिवसांत बँकेच्या अंतर्गत समितीकडे अपील करतां येतें, आणि धोरणाचा भंग झाला अशी तक्रार असेल तर पुढें बाहेरच्या तीन तज्ज्ञांच्या मंडळाकडे जातां येतें. तोच कागद बहुधा आपल्या सरकारच्या दप्तरींही असतो. म्हणून शहाण्यानें दोन्ही दारें एकदम ठोठवावीं.

तथापि या हक्काच्या मर्यादा विसरूं नयेत. तो कायद्यानें दिलेला नाहीं, बँकेनें स्वतःवर घालून घेतलेला नियम आहे. ऋणको सरकारनें विश्वासानें सोंपविलेली माहिती अपवादांत मोडते. अंतर्गत विचारविनिमयाचे कागदही मोडतात. जनहितासाठीं अपवाद बाजूस ठेवावा अशी विनंती असेल, तर बँकेच्या अंतर्गत समितीचा शब्द अखेरचा. आणि सर्वांत मोठी मर्यादा काळाची. पाणी उंबऱ्याशीं आल्यावर हातीं पडलेला कागद इतिहासकाराच्या उपयोगाचा, घरधन्याच्या नव्हे.

सुप्याच्या शेतकऱ्यांनीं वह्या हिसकावून घेतल्या, कारण त्या मागून पाहण्याची वाट त्यांना नव्हती. मणिबेलीच्या लोकांनीं ती वाट पाडली, आणि तिची किंमत आपल्या घरादारांनीं दिली. आपल्यासारख्या लिहित्या-वाचत्या कुटुंबांस तिच्यावरून चालण्यास एक अर्ज पुरे आहे. कर्जाची फेड आपल्याच करांतून व्हावयाची असतां, तेवढाही आळस आपण करावा काय?