मुंबईतील प्लेग (१८९६) : वस्ती, वर्तन आणि लोकारोग्य

इ.स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी लोकसंख्या गावोगावी पांगली. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ इतकी खाली आली. कापडगिरण्यांमुळे सतत फुगत चाललेल्या नगरीत अशी घट व्हावी, ही साधी गोष्ट नव्हे.

साथीचा आरंभ मांडवीत व्हावा, यात नवल नाही. गोदी जवळ, धान्याच्या वखारी तेथेच आणि त्या वखारींच्या माथ्यावर माणसांची दाट वस्ती. हाँगकाँगमध्ये १८९४ साली प्लेगने थैमान घातले होते व बंदरांमधील व्यापार चालूच होता. विहार (१८६०) आणि तानसा (१८९२) या योजनांनी शहरास पाणी मिळाले. परंतु सांडपाण्याच्या निचऱ्याची सोय त्या प्रमाणात झाली नाही. ओल, काळोख आणि कोंदट हवा यांनी चाळींतील खोल्या ग्रासलेल्या होत्या.

सरकारी अधिकाऱ्यांनी याच ओलीस व दुर्गंधीस रोगाचे कारण मानले. गटारे कार्बोलिक द्रावणाने धुतली गेली, घरांची छपरे उघडून ऊन आत घेतले गेले, बिछाने जाळले गेले. वास्तविक रोगाचे वाहन निराळेच होते. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ साली कराचीत उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविले, तेव्हा त्याचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही. १९०५ नंतर प्लेग संशोधन आयोगाने परळ येथील प्रयोगशाळेत ते सिद्ध केले. गटारातील तपकिरी उंदरांत रोग आधी पसरे, मग घरातील काळ्या उंदरांत, आणि ते मेले की उपाशी पिसवा माणसाकडे वळत. घरातच धान्य साठविणे, जमिनीवर निजणे, एका खोलीत अनेकांनी राहणे या सवयी येथे निर्णायक ठरल्या. अर्थात त्यांना सवयी म्हणणेही अर्धवटच आहे. गिरणी कामगारास दुसरी खोली परवडत नव्हती. विरळ वस्तीच्या बंगल्यांत राहणाऱ्या युरोपीय लोकांत मृत्यूचे प्रमाण कमी राहिले, याचा उलगडाही येथेच होतो.

लोकांच्या वर्तनाचा दुसरा पदर अधिक गुंतागुंतीचा आहे. रुग्णास बळाने रुग्णालयात नेणे, घरझडती, प्रवाशांची तपासणी या उपायांस फेब्रुवारी १८९७ च्या साथरोग कायद्याने अधिकार दिले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले, व लपविलेला रुग्ण साथीच्या नोंदीतून निसटे. त्याआधीच, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांच्या कारकिर्दीतील झडत्यांनी असंतोष इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. याउलट जेथे आपल्या माणसांच्या देखरेखीखाली उपचार होत, तेथे लोक स्वतःहून येत. मुंबईत निरनिराळ्या जातिजमातींनी स्वतंत्र रुग्णालये काढली. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारले. सावित्रीबाई फुले यांनी रुग्णसेवा करीत असतानाच, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगने देह ठेवला. हाफकीन यांची लसही (जानेवारी १८९७) उपलब्ध होती, तथापि ती टोचून घ्यावयाची की नाही हे सरकारवरील विश्वासावर अवलंबून होते.

साथीने एक दीर्घकालीन संस्था जन्मास घातली : १८९८ सालची मुंबई सुधारणा विश्वस्त संस्था. तिने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या. परंतु आरंभीच्या काळात तिने जितकी घरे पाडली तितकी बांधली नाहीत. उठविलेली गरीब कुटुंबे शेजारच्याच, आधीच भरलेल्या चाळींत शिरली. पुढे १९२० च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे कामगारांसाठी चाळी बांधल्या. त्यांतही प्रत्येक कुटुंबाच्या वाट्यास आली ती सुमारे १६० चौरस फुटांची एकच खोली.