शेतकरी कुळांचा वंशशोध

शेतकरी कुळांचा वंशशोध : शिरगणतीची कागदपत्रे व जमिनीचे दप्तर यांच्या आधारे शेतकरी कुटुंबाच्या पूर्वपिढ्या, त्यांचे मूळ गाव व जमिनीवरील हक्क निश्चित करण्याची अभ्यासपद्धती. वतनदार घराण्यांचे करीने, महजर व कैफियती उपलब्ध असतात. सामान्य शेतकऱ्याचे नाव मात्र बहुधा सारा भरणारा म्हणूनच कागदावर येते. त्यामुळे महाराष्ट्रात अशा घराण्यांचा इतिहास मुख्यत्वे महसुली दप्तरावरून जुळवावा लागतो. या दप्तराचा हेतू वंशनोंद हा नसून सारावसुली हा होता, हे ध्यानात ठेवूनच त्यातील नोंदींचा अर्थ लावणे इष्ट ठरते.

शिरगणती : मराठा अंमलात गावातील घरे व माणसे मोजून खानेसुमारीच्या याद्या करीत; त्यांपैकी काहींत घरधन्याचे नाव आढळते. ब्रिटिश अंमलात १८७२ मध्ये पहिली व्यापक जनगणना पूर्ण झाली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी होऊ लागली. परंतु कोष्टके तयार झाल्यानंतर कुटुंबवार मूळ तक्ते सामान्यतः जतन केले गेले नाहीत. जनगणना अधिनियम, १९४८ अन्वये व्यक्तिगत माहिती गोपनीय असून ती पाहावयास मिळत नाही. ब्रिटनमध्ये १८४१ पासूनचे नावनिशीवार तक्ते शंभर वर्षांनंतर खुले होतात व तेथील वंशशोधाचा तो प्रमुख आधार असतो. भारतात जनगणना वंशशोधकास नाव देत नाही, केवळ परिस्थिती सांगते. उदा., १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांनंतर दप्तरातून एखादे कुटुंब नाहीसे झाले असल्यास १८९१ व १९०१ मधील तालुक्याच्या लोकसंख्येची तुलना त्याचे कारण शोधण्यास उपयोगी पडते.

जमिनीचे दप्तर : पेशवाईतील गावकागदांत वंशपरंपरेने जमीन धारण करणारे मिरासदार आणि मुदतीने कसणारे उपरी असा भेद आढळतो. मिरासदाराची जमीन ‘थळ’ म्हणून ओळखली जाई. कूळ परागंदा झाले वा निर्वंश झाले, तरी थळास त्या गतकुळाचेच नाव चालू राही. म्हणून थळाचे नाव हा ते पुढे कसणाऱ्याच्या वंशाचा पुरावा ठरत नाही.

गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापूर तालुक्यातून सुरू केलेल्या मोजणीमुळे प्रत्येक शेतास क्रमांक, क्षेत्र व आकार मिळाला आणि खातेदाराचे नाव त्या क्रमांकाशी निगडित झाले. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. फेरफार नोंदवहीत (गाव नमुना ६) खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे व त्यांचे नाते लिहिले जाऊ लागल्याने वंशशोधाचे हेच सर्वांत मोलाचे साधन होय. सातबाराच्या उताऱ्यावर नावालगत वर्तुळात दिलेला आकडा हा फेरफाराचा क्रमांक असतो. त्याआधारे एकेक पिढी मागे जाता येते. १९४७ च्या कायद्यानुसार जेथे एकत्रीकरण झाले, तेथे जुन्या सर्व्हे क्रमांकाऐवजी गट क्रमांक आल्याने आधी दोहोंचा मेळ घालावा लागतो. मराठवाड्यात निजामकालीन उर्दू कागद व १९५४-५५ चे खासरापत्रक यांचा आधार घेतात.

वाचनातील अडचणी : जुने कागद बहुधा मोडी लिपीत असून त्यात ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. ‘बिन’ किंवा ‘वल्द’ म्हणजे अमुकाचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमुकाची पत्नी, ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर व ‘अ. पा. क.’ म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. आडनाव पुष्कळदा नसते आणि आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या रूढीमुळे दोन पिढ्या एकच मानल्या जाण्याचा धोका असतो. अशा वेळी कोतवालबुक (गाव नमुना १४) या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीशी तारखा ताडून पाहाव्या लागतात.

मर्यादा व महत्त्व : एकत्र कुटुंबाच्या कर्त्याचेच नाव लागल्याने धाकटे भाऊ नोंदीबाहेर राहत. मुलींची नावे वारसनोंदीतून गाळली जात किंवा हक्कसोडपत्राने कमी होत. भूमिहीन मजुरांचा तर उल्लेखच विरळा. या उणिवांचे परिणाम केवळ इतिहासापुरते नव्हते. कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्या कुळास जमिनीचा मालक मानण्यात आले, तेव्हा पीकपाहणीत नाव नसलेल्यास आपला कब्जा सिद्ध करणे कठीण गेले. महाराष्ट्रात १९९४ मध्ये व देशभर २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायकाचा हक्क मिळाल्यावर जुन्या वारसनोंदी पुन्हा तपासल्या जाऊ लागल्या. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे कुणबी नोंदी शोधण्याचे काम सोपविण्यात आले, तेव्हा महसुली दप्तराबरोबरच जन्म-मृत्यूच्या व शाळांच्या नोंदवह्यांनाही अनन्यसाधारण महत्त्व आले. अशा प्रसंगी केवळ नामसाम्य पुरेसे नसते. गाव, नाते व जमीन या तिन्हींची साखळी अखंड जुळल्याशिवाय वंशसंबंध सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही.