मराठी फाईल वाचता का येईना?

आमच्या शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. २००४ च्या उन्हाळ्यात आम्ही घरच्या संगणकावर नवी कार्यप्रणाली घातली. यंत्र छान सुरू झाले, फायलीही जागच्या जागी होत्या. वडील शिक्षक. त्यांनी नववीच्या विज्ञानाची आपली टिपणे उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चित्रविचित्र खुणा! "पाच वर्षांचं काम गेलं," एवढेच ते म्हणाले.

काम गेले नव्हते. मग मराठी गेली कुठे?

संगणक अक्षरे साठवत नाही, आकडे साठवतो. रोमन लिपीसाठी हे आकडे पूर्वीच ठरले होते. मोठ्या 'ए'साठी ६५, 'बी'साठी ६६. आठ बिटांत २५६ च जागा मावतात. मराठी फाँट बनवणाऱ्यांनी याच जागांवर काना, वेलांटी, अर्धा स, रफार अशी चित्रे बसवली. म्हणजे फाईलमध्ये असायचे रोमन अक्षरांचेच आकडे. त्यांना मराठी रूप द्यायचा तो फाँट. आम्ही नेमका तोच परत घालायला विसरलो होतो. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीचा फाँट दुसरीच्या फाईलला चालत नसे.

खरा उपाय मात्र आधीच सापडला होता. चित्रांना नव्हे, वर्णांना आकडे द्यायचे. 'इस्की' हे भारतीय मानक याच तत्त्वावर उभे होते. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली आणि तिला २३०४ ते २४३१ हे आकडे दिले. त्यात 'क' म्हणजे २३२५. फाँट कोणताही असो. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली. तिच्यातील 'मंगल' हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता. विंडोज एक्सपीत ही सोय वेगळी सुरू करावी लागे.

जुन्या आकड्यांच्या जागी नवे घातले की झाले, असे वाटेल. पण तसे नाही. 'वर्ग' हा शब्द पाहा. जुन्या फाँटमध्ये क्रम व, ग, रफार असा. युनिकोडमध्ये व, र, हलन्त, ग. ऱ्हस्व वेलांटी पूर्वी अक्षराच्या आधी यायची, आता नंतर येते. जुना क्रम दिसण्याचा होता, नवा उच्चाराचा आहे. म्हणून रूपांतरानंतर प्रत्येक ओळ वाचावी लागते.

आमच्याकडे फाँटची फ्लॉपी सापडली आणि टिपणे वाचली. आजोळच्या आठवणींच्या फाईलचा फाँट मात्र मिळाला नाही. संगणकात 'औरंगाबाद' शोधले तरी ती फाईल सापडत नाही. कारण तिच्यात ते नाव नाहीच, केवळ त्याच्या चित्रांचे आकडे आहेत.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. शाळेतील संगणक बदलण्यापूर्वी शिक्षकांनी जुन्या मराठी फायली एकदा उघडून पाहाव्यात. फाँटची प्रत ठेवावी, मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि तो तपासण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे. आपली लिपी कशी रचली आहे, हे त्यांना त्यातूनच उमगेल.