लिव्हरच्या गाठीचे रक्त तोडणारा उपचार : 'टेस' कोणासाठी, कधी?

गडचांदूर : लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे आणि ऑपरेशन होणार नाही, एवढे ऐकले की घरचे लोक हात टेकतात. आमच्या कोरपना-राजुरा भागात मग जडीबुटीवाल्याकडे धाव घेतली जाते. पण ऑपरेशन होत नाही म्हणजे उपचारच नाही, असे नसते. 'टेस' नावाचा उपचार अशाच रुग्णांसाठी आहे. त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

लिव्हरला दोन वाटांनी रक्त मिळते. साधारण ७५ टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून येते, तर २५ टक्के धमनीतून. लिव्हरमध्येच सुरू झालेल्या कॅन्सरची गाठ मात्र मुख्यतः धमनीच्या रक्तावर पोसते. म्हणून तेवढीच वाट बंद केली तर गाठ उपाशी राहते आणि बाकीचे लिव्हर जगते.

जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी घालून, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत डॉक्टर गाठीच्या धमनीपर्यंत पोहोचतात. तेथे कॅन्सरचे औषध सोडून बारीक कणांनी वाट बुजवतात. नंतर काही दिवस ताप, पोटदुखी, मळमळ राहू शकते.

ही पद्धत १९७० च्या दशकात जपानमध्ये पुढे आली. २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँग येथील अभ्यासांनी दाखवले की योग्य रुग्णाचे आयुष्य त्याने वाढते. पुढे औषध हळूहळू सोडणारे मणी आले. तरी एक अडचण उरते. रक्त तुटले की गाठ नव्या रक्तवाहिन्या फुटण्यासाठी संकेत सोडते. म्हणून आता टेससोबत त्या वाहिन्या रोखणारी आणि प्रतिकारशक्ती जागवणारी औषधे देऊन पाहिली जात आहेत. 'एमराल्ड-१' या अभ्यासात नुसत्या टेसने गाठ सुमारे ८.२ महिने थोपली, औषधांची जोड दिल्यावर १५ महिने. हा आकडा गाठ थोपण्याचा आहे, आयुष्याचा नाही. शिवाय ही औषधे महाग आहेत.

टेस सगळ्यांना चालत नाही. कावीळ वाढलेली, पोटात पाणी साचलेले, लिव्हर थकलेले असेल तर त्याने नुकसानच होते. महिने वाया गेले की ही संधीही जाते.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये हा उपचार होतो. जवळच्या मोठ्या दवाखान्यात 'इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी' विभाग आहे का, हे विचारा. नुसता रिपोर्ट नको, सीटी स्कॅनची सीडीही सोबत न्या. महात्मा फुले योजनेत खर्च बसतो का, हे भरती होण्याआधी आरोग्यमित्राला विचारून घ्या.

हिपॅटायटिस बी किंवा लिव्हर सिरोसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. घरात कोणाला हिपॅटायटिस बी निघाला तर बाकीच्यांनीही रक्त तपासून घ्यावे. बाळाला या आजाराची लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, ती चुकवू नका.